कानामागचं सोडून

आमच्या गावी माणसं यायची ती बुडायला.
सांधे धरलेली, पाठीत वाकलेली, गाडी भरभरून,
आणि माझी आई, एतेरी, आठ नंबरच्या स्नानगृहात
वाळूचं घड्याळ उलटं करून सांगायची:
पंधरा मिनिटं. हलू नका. पाणी त्याचं काम करतंय.

त्या हौदांत आता अंजीर उगवलेत.
मी त्स्खाल्तुबोत कुत्री न्हाऊ घालते.
हसा खुशाल. आईही हसली असती,
आणि मग कोपर पाण्यात बुडवून म्हणाली असती,
नाझिब्रोला, चटका बसतोय, कोमट कर.

शिकले ते सगळं तिच्याकडूनच,
फक्त इथे अंगावर केस जास्त.
आधी विंचरायचं, मग भिजवायचं;
गुंता ओला झाला की त्याची गाठ होते
आणि गाठीला फक्त कात्री कळते.
कानात कापूस. डोळ्यांवर आपला तळवा.
माणसांचा शाम्पू नको, त्यानं कातडी सोलते,
हे सांगून सांगून जीभ झिजली
तरी लामारा बाई दर महिन्याला
तिच्या पांढऱ्या कुत्र्यासाठी
गुलाबाच्या वासाची बाटली घेऊन येते,
आणि त्याच्या पोटावरचे लाल चट्टे दाखवून
मलाच विचारते, पाण्यात काय घालता हो तुम्ही?

मांजरांचं काम मी घेत नाही. एकदाच घेतलं:
किंतो, गॅरेजवाल्याचा बोका,
इंजिनच्या काळ्या तेलात पडलेला.
चाटून पोटात गेलं असतं, म्हणून.
मनगटावर त्याची सही अजून आहे.
एरवी तो माझ्या पायरीवर बसून,
एक तंगडी आभाळात करून
स्वतःचं स्वतः आवरतो,
आणि ओल्या कुत्र्यांकडे असा बघतो
जसे इथले जुने डॉक्टर बघायचे
पथ्य मोडणाऱ्यांकडे.

गुरुवारी जुम्बेर आला, राचाच्या डोंगरातून.
हातात दोरी, दोरीच्या टोकाला बोम्बोरा,
कुत्रा कसला, चालता झुबका.
"मेंढ्या विकल्या," म्हणाला. मी विचारलं नव्हतं.
"मुलीकडे चाललोय, कुताइसीला, चौथा मजला.
ती म्हणते, दोघंही या,
पण आधी वास घालवा."

दोन तास विंचरलं.
कुसळं निघाली, सहा गोचीड,
शेणाच्या वाळक्या गोळ्या,
आणि लोकर, त्याची नव्हे, मेंढ्यांची.
जुम्बेर स्टुलावरून वाकून ती उचलत होता,
खिशात घालत होता,
मी बघत नाहीशी बघून.
आतली लव मात्र दाट, कातडी स्वच्छ.
"याला शेवटचं कधी न्हाऊ घातलं?"
"बर्फात लोळतो. आणखी काय लागतं?"

खरं तर काहीच नाही.
त्या केसांवर तेलाचा एक पातळ हात असतो,
कुत्र्यानं आपल्या अंगातूनच काढलेला;
तो आहे तोवर बर्फ कातडीपर्यंत पोचत नाही.
साबणानं तो जातो. परत यायला आठवडे लागतात.
हे मी सांगितलं.
तो म्हणाला, "चौथ्या मजल्यावर बर्फ कुठला?"

मग घातलं पाणी. कोपराला विचारून.
पहिलं तांबडं गेलं, दुसरं चहासारखं,
खोलीभर चुलीचा धूर सुटला, आंबूस चीज, ओली मेंढी.
ते म्हातारं धूड मुकाट उभं,
मागचे पाय थरथरत,
डोळे जुम्बेरवर.
भिजून अंग निम्मं झालं.
सगळ्यांचंच होतं. आई म्हणायची,
पाण्यात बसवला की कर्नलसुद्धा हडकुळा.

कानामागे फेस लावायला हात गेला
तेव्हा जुम्बेर उठला.
"तेवढं राहू दे.
तिथला वास मुलीपर्यंत जाणार नाही.
मलाच वाकावं लागेल त्याला."

राहू दिलं.
पाच टॉवेल लागले, आणि संध्याकाळ.
लव ओली राहिली तर आत कुबट होते,
म्हणून मी घाई करत नाही.
शेवटी तो असा फुलून उभा राहिला
की किंतो पायरी सोडून भिंतीवर गेला.

रस्त्यावर पाऊल टाकताच
बोम्बोरानं अंग झटकलं, थांबला,
एकदा हुंगलं,
आणि बेकरीसमोरच्या धुळीत आडवा होऊन
चारी पाय वर करून लोळला.

जुम्बेरनं दोरी ओढली नाही.
मीही खिडकीतून हाक मारली नाही.